अनुभवाची किंमत कोण मोजतं?

(कार्यकर्त्या आणि लिहू पाहणाऱ्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेलं भाषण)

काल रात्री जेवणं झाल्यावर आपल्यातली एक मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. ती एकांकिका लिहिते आहे. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडलेली, आधारगृहात येऊन राहिलेली एक बाई तिच्या एकांकिकेत आहे. तिनं मला विचारलं, "ताई, मी खोटं नाव सांगून, मार खाल्लेली बाई म्हणून पंधरा दिवस एखाद्या आधारगृहात राहून येऊ का? ते भोगल्याशिवाय मला लिहिण्याचा काय अधिकार?"

मी तिला म्हटलं, उद्या सांगते.

आज मी बोलणार होते ते 'बायकांचं लेखन आणि बायकांची भाषा' यावर. संयोजक मैत्रिणींची माफी मागून विषय बदलते आहे. कारण हाच प्रश्न मी एकदा स्वतःला विचारला होता. त्याचं उत्तर मी फार घाईनं दिलं, आणि त्या घाईची किंमत दुसऱ्याच एका बाईनं मोजली. हे मी आजवर जाहीरपणे कुठे बोललेले नाही.

२०११ च्या हंगामातली गोष्ट. मला ऊसतोडीला जाणाऱ्या बाईवर लिहायचं होतं. मी शहरातली, नोकरदार घरातली. ऊस मला माहीत तो रसवंतीतला. वाचन भरपूर केलं होतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, हे ठाऊक होतं. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमाराला घर सोडायचं आणि उन्हाळा लागेपर्यंत ती उचल फेडत राहायचं, हेही ठाऊक होतं. पण लिहायला बसले की पान कोरडं वाटायचं. मग ठरवलं, आपण जाऊन राहायचं. त्यांच्याबरोबर उठायचं, त्यांच्याबरोबर मोळ्या वाहायच्या.

माझी एक मैत्रीण ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाचं काम करत होती. तिच्या ओळखीनं मी बीडकडच्या एका टोळीत पोचले. मुकादमाला सांगितलं, या बाई मुलांच्या शाळेची पाहणी करायला आल्यात. टोळीतल्या बायकांनाही तेच सांगितलं. मी लेखिका आहे हे कोणालाच सांगितलं नाही. मला वाटलं, सांगितलं तर त्या माझ्यापुढे नीटनेटक्या होतील, खरं बोलणार नाहीत. म्हणजे त्यांनी खरं बोलावं म्हणून मी खोटं बोलले. तेव्हा यात मला काही वावगं दिसलं नाही.

महिनाभर राहायचं ठरवून गेले आणि बाराव्या दिवशी परतले. त्या बारा दिवसांतलेही दोन दिवस मी तिथे नव्हते. त्याचं सांगतेच.

ज्या कोपीत मी राहिले तिथल्या बाईला मी अक्का म्हणत असे. वयानं ती माझ्यापेक्षा लहान होती, बत्तीसची. पण तिच्याकडे बघून तोंडातून अक्काच आलं. पहाटे तीनला ती उठायची. चूल, भाकरी, पाणी. उजाडायच्या आत फडात. नवरा बुडातून ऊस तोडत पुढे जायचा. ती मागून पाचट काढायची, वाढं वेगळं करायची, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. ट्रक भरताना फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन चढायचं. रात्री-अपरात्री गाडी आली तर पुन्हा उठून भरायची. वाढं विकून जे सुटे पैसे यायचे त्यात मीठ-मिरची.

मीही वाहिलं. पहिल्या दिवशी तीन मोळ्या, त्याही लहान. पाचटानं हात, मान, गाल कापून निघाले. घाम लागला की चुरचुर व्हायची. तिसऱ्या दिवशी मान वळेना. खरं सांगते, मनातून मला आनंद झाला होता. वाटलं, आता कळलं. आता लिहिता येईल.

पाचव्या दिवशी माझी पाळी आली. आडोसा म्हणजे उभा ऊस. पाणी मोजकं. कपडा बदलायला, धुवायला, वाळत घालायला जागा नाही. दुपारपर्यंत मी तग धरला आणि मग मैत्रिणीला फोन करून तालुक्याच्या गावी तिच्या घरी निघून गेले. दोन दिवस राहिले. गरम पाण्यानं अंघोळ केली. झोपले. तिसऱ्या दिवशी परत आले तेव्हा अक्का हसून म्हणाली, "तुमची सुट्टी झाली ताई. आमचा खाडा झाला असता."

खाडा म्हणजे काम बुडालं. त्याचा दंड उचलीत चढतो.

मी तिथे नेमकं कशासाठी गेले होते? बाईच्या अंगावर या कामाचं काय होतं ते लिहायला. आणि जो क्षण ते कळण्याचा होता त्याच क्षणी मी उठून गेले. मला जाता आलं. मी दोन दिवस तिथे टिकले असते तरीही फरक पडला नसता. कारण मला उठून जाता येतं हे मला माहीत होतं. पाचटाचं कापणं दोघींना सारखंच होतं. पण मला कापताना माझ्या डोक्यावर पंचावन्न हजारांची उचल नव्हती. एका दिवसाच्या खाड्यानं माझं काही बिघडणार नव्हतं. कष्ट थोडेफार उसने घेता येतात. अडकलेपण उसनं घेता येत नाही.

तुमच्यापैकी काहींनी नेली ब्लायचं नाव ऐकलं असेल. अमेरिकेतली तेवीस वर्षांची पत्रकार. १८८७ साली ती वेड्याचं सोंग घेऊन न्यू यॉर्कजवळच्या ब्लॅकवेल्स बेटावरच्या बायकांच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाली. दहा दिवस राहिली. सडकं अन्न, गार पाण्याच्या अंघोळी, मारझोड, सगळं तिनं 'न्यू यॉर्क वर्ल्ड'मध्ये लिहिलं. चौकशी झाली, इस्पितळांसाठी जास्त पैसा मंजूर झाला. मोठं काम केलं त्या मुलीनं. पण तिला आत जाताना ठाऊक होतं की वर्तमानपत्र आपल्याला सोडवणार आहे, आणि दहा दिवसांनी वर्तमानपत्राचा वकील आला. आत तिला अशा बायका भेटल्या ज्या तिच्याइतक्याच शहाण्या होत्या. काहींना फक्त इंग्रजी येत नव्हतं. त्यांच्यासाठी कोणी वकील येणार नव्हता. नेली ब्लायचं मोठेपण मला यात वाटतं, की तिनं हा फरक लपवला नाही. आपण सुटलो आणि त्या मागे राहिल्या याचं दुःख तिनं मोकळेपणानं लिहिलं. आणि ती स्वतः वाचकांपुढे उभी राहिली, कोणा दुसरीचं गुपित घेऊन नाही.

मी मात्र दुसरीचं गुपित घेऊन आले.

निघायच्या आदल्या रात्री अक्कानं मला तिच्या ऑपरेशनचं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तिची पिशवी काढली होती. अंगावरून पांढरं जायचं म्हणून गेली, तर डॉक्टर म्हणाला, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. दवाखान्यात नेलं ते मुकादमानं. खर्च उचलीत चढवला. तोही खर्चापेक्षा जास्त, असं तिला वाटत होतं. ऑपरेशननंतर महिन्याच्या आत ती पुन्हा मोळ्या वाहत होती. हे तिनं मला का सांगितलं? मी शाळेच्या कामावरची, सरकारदरबारी ओळखी असलेली बाई आहे, कुठल्यातरी चांगल्या डॉक्टरला विचारून सांगेन, असं तिला वाटलं. मी ते ऐकताना मनात वाक्यं जुळवत होते.

कथा लिहिली. २०१२ च्या एका दिवाळी अंकात आली. अक्काचं नाव बदललं होतं, गावाचंही. पण दंडावरचा भाजल्याचा डाग तसाच ठेवला. दोन मुली आणि एक मुलगा तसेच ठेवले. मुकादमाची तुटकी करंगळी ठेवली, कारण ती मला फार बोलकी वाटली. कथेचं कौतुक झालं. बक्षीस मिळालं. भाषणात मी म्हणाले, "मी हे जगून लिहिलं आहे."

चार महिन्यांनी मैत्रिणीचा फोन आला. मुकादमाचा एक भाचा कॉलेजात शिकत होता. त्यानं ती कथा वाचली आणि घरी वाचून दाखवली. करंगळीवरून मुकादम कळला, आणि मुकादमावरून बाकीचं सगळं. त्यानं अक्काच्या नवऱ्याकडे राहिलेली सगळी बाकी एकदम मागितली. पुढच्या हंगामाला उचल द्यायला नकार दिला. आसपासच्या मुकादमांनीही दिली नाही. शेवटी कोणा दूरच्या मुकादमाकडून कमी उचल घेऊन ते कर्नाटकात गेले. मोठी मुलगी सातवीत होती. तिला शाळेतून काढून बरोबर नेली, कारण आता तीन जणांचं काम केल्याशिवाय फिटणार नव्हतं.

मैत्रिणींनो, माझी मान दुखली ती आठवड्याभरात बरी झाली. ती मुलगी परत शाळेत गेली नाही.

१९८१ साली 'इंडियन एक्स्प्रेस'चे अश्विनी सरीन या पत्रकारांनी मध्य प्रदेशातली एक बाई २३०० रुपयांना विकत घेतली आणि ते छापलं. बायकांची खरेदी-विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी. बातमीनं देश हादरला, आणि तो हादरायलाच हवा होता. त्यानंतर विजय तेंडुलकरांनी 'कमला' हे नाटक लिहिलं. आपल्यातल्या अनेकींनी ते पाहिलं असेल, वाचलं असेल. त्यातला जयसिंग बाई विकत आणतो, पत्रकार परिषदेत उभी करतो, आणि काम झाल्यावर तिचं पुढे काय याची त्याला फिकीर नसते. त्याच्या घरात कमला त्याच्या बायकोला, सरिताला, साधेपणानं विचारते की तुला केवढ्याला आणलं. त्या प्रश्नानं सरिताचे डोळे उघडतात. हे नाटक पाहून आम्ही कितीदा जयसिंगवर चिडलो आहोत! पुरुष असाच, वर्तमानपत्रं अशीच. तो फोन आला त्या रात्री मला कळलं की माझ्यातही एक जयसिंग आहे. त्यानं निदान रोख मोजले होते. मी फुकटात आणलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी अक्काच्या गावी गेले. बक्षिसाचे पैसे बरोबर नेले होते. तिनं ते घेतले नाहीत. म्हणाली, "हे घेतलं तर त्याचं खरं ठरंल. तो म्हणतोयच की बाईनं पैसे घिऊन सांगितलं." मग मी तिला सगळं खरं सांगितलं, मी कोण, कशाला आले होते. ती बराच वेळ भुईमूग निवडत राहिली. मग म्हणाली, "तुमी लिवलं ते खोटं नव्हतं ताई. पण इचारलं असतं, तर कोणतं सांगायचं अन् कोणतं नाही, ते मी सांगितलं असतं."

मी विचारलं, कथा वाचून दाखवू का? ती हो म्हणाली. दोन संध्याकाळी मी वाचली आणि तिनं ऐकली. माझ्या कथेत ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर बाई हंबरडा फोडते. अक्कानं मला तिथे थांबवलं. "मी नव्हते रडले. मला बरं वाटलं होतं. दर महिन्याचं ते फडातलं सुटलं म्हणून. आमच्यात जिची निघाली ती सुटली, असंच म्हणत्यात." पुढे वर्षभरानं कंबर गेली, अंगात गरम वाफा यायला लागल्या, मोळी उचलेना, तेव्हा तिला कळलं की आपल्यापासून काय काढून घेतलंय.

जरा विचार करा. बाईला आपली पिशवी गेल्याचा आनंद व्हावा, इतकं तिचं शरीर त्या कामानं बेजार केलेलं असावं, यापेक्षा भयंकर मी काय लिहिणार होते? आणि तेच माझ्या कथेत नव्हतं. बारा दिवस राहून, मान मोडून घेऊनही नव्हतं. कारण त्या जागी मी माझं, मध्यमवर्गीय बाईचं, रडणं भरलं होतं. अनुभव घेतल्याचा मला इतका गर्व झाला होता की विचारायची गरजच वाटली नाही.

नंतर ही गोष्ट साऱ्या महाराष्ट्राला कळली. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. हा आकडा बाहेर आला तो बायका बोलल्या म्हणून, आणि गावोगावी कार्यकर्त्या त्यांच्यापाशी बसल्या म्हणून. त्यासाठी कोणा लेखिकेला मोळी वाहावी लागली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग आम्ही लिहूच नये का? जिनं भोगलं तिनंच लिहावं का?

तिनं लिहावं हे तर पहिलं. बेबीताई कांबळे फलटणच्या. छोटं दुकान चालवायच्या. दुकानात पुड्या बांधायला आलेले कागद वाचायच्या आणि घरच्यांपासून लपवून लिहायच्या. ते लिखाण वर्षानुवर्षं दडवून ठेवलेलं. 'जिणं आमचं' पुस्तकरूपानं आलं ते १९८६ साली. त्यांना अनुभव घ्यायला कुठे जावं लागलं नाही, पण लिहायला मात्र घरातच चोरून बसावं लागलं. अशा कितीजणींच्या वह्या अजून पत्र्याच्या ट्रंकेत असतील. आपल्या शिबिरांचं पहिलं काम त्या ट्रंका उघडायचं आहे.

पण भोगणारीनंच लिहावं, दुसरीनं हात लावू नये, असं म्हणून मला सुटका करून घ्यायची नाही. विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, यांनी 'बळी' लिहिली, १९५० साली. ज्यांना इंग्रज सरकारनं जन्मतःच गुन्हेगार ठरवलं त्या जमातींना तारेच्या कुंपणात, सेटलमेंटमध्ये डांबलं जाई. मालतीबाई सोलापूरच्या सेटलमेंटवर नोकरीला होत्या. त्यांनी मांग-गारुड्याचं सोंग घेतलं नाही. त्या अधिकारी होत्या आणि अधिकारी म्हणूनच तिथे वावरल्या. कुंपणाच्या दाराची किल्ली सरकारच्या हातात होती आणि आपण त्या सरकारच्या पगारी आहोत, हे त्यांना रोज दिसत होतं. आपण कुठे उभ्या आहोत हे ठाऊक असलेल्या बाईनं, रोजचं काम करत, लांब मुदतीनं पाहिलेलं ते आहे. सोंग घेऊन घाईनं मिळवलेलं नाही. मला वाटतं, ती कादंबरी टिकली याचं एक कारण हे आहे.

म्हणून लेखिकेनं किती पुढे जावं, या प्रश्नाला मी आज असं उत्तर देते. स्वतःच्या अंगानं, स्वतःच्या नावानं आणि स्वतःच्या पैशानं जेवढं सोसता येईल तेवढं खुशाल पुढे जा. उन्हात राबा, उपाशी राहा, रात्रीच्या गाडीनं जा. जिथून पुढची किंमत दुसरी बाई भरणार असेल, तिथे थांबा आणि तिला विचारा. ती नाही म्हणाली तर ती गोष्ट लिहायची नाही, कितीही चांगली असली तरी.

हे फक्त कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना लागू नाही. आपण अहवाल लिहितो, पत्रकं काढतो, पथनाट्यं करतो. "एक केस सांगते," असं म्हणतो. त्या केसला करंगळी असते, डाग असतो, गाव असतं. आपल्या वहीतली बाई ओळखू न येण्यासाठी नुसतं नाव बदलून भागत नाही. तिला वाचून दाखवा. लिहिता-वाचता येत नसेल तर जास्तच दाखवा. छापून आल्यावर तिच्या मुकादमानं, नवऱ्यानं, सासरच्यांनी वाचलं तर काय होईल, हे तिलाच विचारा. आपल्यापेक्षा तिला ते नेमकं माहीत असतं. आणि तीच गोष्ट तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका.

आता कालच्या माझ्या मैत्रिणीला. तू कुठे बसली आहेस? हां. तू मार खाल्लेली बाई बनून आधारगृहात जाऊ नकोस. तिथल्या खाटा मोजक्या असतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तू पंधरा दिवस जी खाट अडवशील, त्या रात्री दारात आलेल्या बाईला तिथल्या ताई काय सांगतील? शिवाय रात्री शेजारची बाई तुला तिच्या पाठीवरचे वळ दाखवेल, तुला आपलीच समजून. ते तू कशाच्या बदल्यात घेणार?

खऱ्या नावानं जा. एकांकिका लिहिते आहे म्हणून सांग. पंधरा दिवस नाही, सहा महिने जा. भाजी निवड, पोरं सांभाळ, कोर्टाच्या तारखेला कोणाबरोबर तरी जाऊन बाकावर बस. सुरुवातीला कोणी बोलणार नाही. नंतर बोलतील, आणि काय लिहायचं नाही तेही सांगतील. लिहून झाल्यावर पहिला प्रयोग त्यांच्यापुढे कर.

माझी ती कथा मी पुढे माझ्या संग्रहात घेतली नाही. अक्काबरोबर बसून ती पुन्हा लिहिली. ती अजून छापलेली नाही. तिच्या धाकटीचं शिक्षण पुरं होऊन ती कामाला लागली की छापा, असं अक्कानं सांगितलं आहे. धाकटी यंदा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

मी थांबले आहे.